पानाच्या तबकातली डबी

शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलाने मला एक जाडजूड इंग्रजी कोश आणून दिला. शब्दाचा अर्थ त्यात असतोच, पण तो शब्द मूळ कुठला, कुणाच्या घरातून आला, वाटेत कुणाकुणाकडे राहिला, तेही दिलेलं असतं. दुपारी जेवणं आटोपली की मी मांडीवर उशी घेते, उशीवर कोश ठेवते आणि उघडेल ते पान वाचत बसते. सून म्हणते, आई, तुम्ही कोश पोथीसारखा वाचता. वाचते खरी. माणसांपेक्षा शब्दांच्या घरच्या भानगडी वाचायला बऱ्या, कुणी उलटून बोलत नाही. अशीच एका दुपारी 'येन' या शब्दाशी आले. जपानी नाण्याचं नाव असलेला नव्हे, दुसरा. उभा जन्म मी मुलींना इंग्रजी शिकवलं. हा शब्द धड्यात आला की मी फळ्यावर लिहायची, 'येन म्हणजे ओढ, आस, हुरहूर', आणि उदाहरण द्यायची की सासरी गेलेल्या मुलीला माहेराची वाटते ती. मुली माना डोलवायच्या आणि मी पुढच्या शब्दाकडे वळायची.

कोशात लिहिलं होतं की हा शब्द इंग्रजांचा नव्हेच. चीनमधून मजुरीला अमेरिकेत गेलेली माणसं तो आपल्याबरोबर घेऊन गेली. अफूची वेळ झाली आणि अफू मिळाली नाही की माणसाची जी तगमग होते, तिच्यासाठी त्यांच्याकडे तो शब्द होता. ऐकून ऐकून तो गोऱ्यांच्या तोंडी बसला, मग चांगल्या घरांत गेला, आणि जाता जाता त्यातली अफू गळून पडून नुसती ओढ उरली. म्हणजे आपल्याकडची 'तलफ'. तिचंही मूळ म्हणे उर्दूतल्या 'तलब'मध्ये आहे. पण मराठीत आपण तलफ आणि ओढ यांच्या पंगती वेगळ्या ठेवल्या आहेत. तलफ तंबाखूची, ओढ माहेराची. मी कोश मिटला. घरात कुणी नव्हतं तरी माझे कान तापले. इतकी वर्षं भर वर्गात, स्वच्छ अक्षरात, मी फळ्यावर आमच्या घरातली गोष्ट लिहीत होते आणि मलाच तिचा पत्ता नव्हता, असं वाटून मला लाज वाटली. ही लाज जुनी आहे, आष्टीच्या घरापासूनची.

आष्टीचं आमचं घर धाब्याचं, पांढऱ्या मातीचं. दारातून शिरलं की ढाळज, तिथे पुरुषमाणसांची बैठक, मग अंगण, आणि अंगणापलीकडे चूल. निजामाचं राज्य होतं, पण ते आम्हाला फक्त शाळेतल्या उर्दूत आणि पाटलाच्या भाषेत भेटायचं. शेती बऱ्यापैकी होती. खायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर वरण, आणि सणाला पुरण. दूधही होतं, पण सायीचं दूध मुलांसाठी नव्हतं. ते माझ्या वडिलांसाठी, आबांसाठी, तापवून झाकून ठेवलेलं असायचं. आबांना तरुणपणी पोटशूळ होता. कुणा वैद्याने त्यावर अफूची गोळी दिली. शूळ गेला, वैद्यही गेला, गोळी मात्र आमच्याकडेच राहिली.

घरात 'अफू' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. माय त्याला 'औषध' म्हणायची. सालगडी परतूरच्या सरकारी दुकानातून ते पानात गुंडाळून आणायचा, तेव्हाही माय मोठ्याने विचारायची, "औषध आणलंस का रे?" शेजारणींना ऐकू जावं म्हणून. शेजारणी काय दुधखुळ्या होत्या? शाळेत मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरच्या मुली डोळे अर्धे मिटून माना डुलवायच्या, पेंगल्यासारख्या, आणि मग एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या. मी घरी येऊन सांगायची नाही. सांगितलं असतं तर त्या मुली काय करतात ते मला करून दाखवावं लागलं असतं.

औषध एका पितळी डबीत असायचं. तिचं झाकण घट्ट होतं, उघडताना 'टक्' असा आवाज व्हायचा. सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, त्याची गरजही नव्हती. टक् होण्याआधीचे आबा वेगळे आणि नंतरचे वेगळे. आधीचे आबा अंगणात नुसते उभे राहिले तरी कोंबड्या लांबून जायच्या. भाकरी करपली, दोरी सापडली नाही, कुणी मोठ्याने शिंकलं, कशावरूनही भांडं भिरकावलं जायचं. मग माझी मोठी बहीण सुभद्रा, आमची अक्का, बोटाला तूप लावून मिऱ्याएवढी गोळी वळायची, ती त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि वर दूध-गूळ द्यायची. हे काम तिचंच. आबांच्या खाकरण्यावरून तिला कळायचं की आता पुढे जायचं की भिंतीआड थांबायचं. गूळ आज जास्त लागेल की कमी, तेही तिला कळायचं. माय म्हणायची, "सुभद्रेच्या हाताला गुण हाये." मायला ते कौतुक वाटायचं.

गोळीनंतर थोडा वेळ गेला की आबांचा चेहरा सैल व्हायचा, आवाज मऊ व्हायचा, ते एका बोटाने नाक खाजवत हसायचे आणि आम्हाला हाक मारायचे. मग गोष्टी. आमच्या पणज्याचा एक बैल होता. गोदावरीला पूर आलेला असताना पणज्याने त्याचं शेपूट धरलं आणि बैल पोहत पोहत त्याला ऐलतीराला घेऊन आला. ही गोष्ट आबा दर वेळी वेगळी सांगायचे. कधी बैल मध्येच थांबून पाणी प्यायचा, कधी पणजा शेपटाला धरूनच झोपी जायचा. मी त्यांच्या मांडीला टेकून बसायची. त्या वेळी जगात त्यांच्याइतका चांगला बाप कुणाचा नव्हता. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं आहे. दिवस कलायला लागला की आबांच्या बरोबरीने माझाही जीव त्या डबीत अडकलेला असायचा. आबांना औषधाची तलफ यायची आणि मला औषध घेतलेल्या आबांची.

अक्काला सतरावं लागलं होतं. त्या काळी हे वय म्हणजे आईच्या घशाखाली घास उतरू नये असं. दोन ठिकाणची माणसं बघून गेली होती. अक्का दिसायला नीटस, कामाला चपळ, तरी दोन्हीकडून नकार आला, आणि कारण फिरून फिरून मायच्या कानावर आलंच की पोरगी चांगली हाये, पर घर अफूचं हाये. तिसरं स्थळ मामाने, म्हणजे मायच्या भावाने, आणलं. घनसावंगीचे किसनराव, गोदाकाठची जमीन, ऊस, एकुलता एक मुलगा. मामाने ढाळजेत बसून गुडघ्यावर थाप मारून सांगितलं, "ताई, लई बराबर घर हाये. सुपारीचं खांड बी कुणी तोंडात टाकत न्हाई. अन् त्यांनी बी तसंच विचारलं, व्यसन न्हाई ना म्हून. म्या सांगितलं, बिलकुल न्हाई." मामा खोटं बोलला होता, पण ते खोटं आता आम्हाला एक दिवस खरं करून दाखवायचं होतं.

पाहुणे येणार त्या दिवशी पहाटेच माय आबांसमोर जाऊन उभी राहिली. एरवी गोळीआधी ती त्यांच्यासमोर जात नसे.

"आज पावणे जाईस्तोर औषध घेऊ नका," ती म्हणाली. "घेतलं की तुमचे डोळे मिटत्यात, नाक खाजवीत बसता. बघणाऱ्याला जल्दी कळतं."

मला वाटलं आता तांब्या उडणार. आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "पोरीसाठी एक सकाळ काय, जन्मभर सोडीन." मग त्यांनी स्वतःच्या हाताने डबी मायकडे दिली. माय कधी रडत नसे, त्या दिवशी तिचे डोळे भरले. तिने डबी ज्वारीच्या पिठात खोल पुरून ठेवली. ती कुठे ठेवली ते मी बघितलं होतं.

पाहुणे सकाळी यायचे होते, ते ऊन डोक्यावर आल्यावर आले. दमणीच्या बैलांनी वाटेत त्रास दिला म्हणे. तोवर आबा ढाळजेत पांघरूण घेऊन बसले होते, भर उन्हात. किसनराव उंचपुरे, फेटा चापून बांधलेला. सोबत मामा. राम राम झाला, पाणी झालं, बसणं झालं. आम्ही तिघी, माय, अक्का आणि मी, मधल्या दाराच्या फटीशी. बोलणी सुरू व्हायची तर आबांना मोठी जांभई आली. ती संपते तोच किसनरावांना आली. मग पुन्हा आबांना.

"झोप झाली न्हाई वाटतं, पावणं," आबा म्हणाले.

"बैलं रातभर ओरडून राह्यली. तुमाला बी येऊन राह्यल्यात की."

"हवा बदलली हाये."

मग दोघांची नाकं वाहायला लागली. किसनरावांनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "रस्त्यानं धुरळा लई." आबांनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं आणि म्हणाले, "आमच्यात आज मिरच्या कुटून राह्यले. त्याचा ठसका." घरात कुणीही मिरच्या कुटत नव्हतं. मायने कपाळावर हात मारला, उठली आणि आबांची लाज राखायला म्हणून उखळात मूठभर सुक्या मिरच्या टाकून खरंच कुटायला बसली. थोड्याच वेळात सगळं घर खोकायला लागलं. मामा खोकत खोकत ऊस, पाऊस, बाजार असलं काहीबाही बोलत होता. आजही मला त्या मिरच्यांचं हसू येतं, आणि हसता हसता मायचा मुसळ धरलेला हात दिसतो, मग हसू राहतं बाजूला.

अक्का मात्र फटीपासून हलली नव्हती. ती आबांकडे बघत नव्हती, किसनरावांकडे बघत होती. त्यांनी दोन्ही हातांनी आपल्या पोटऱ्या आवळून धरल्या होत्या. उघड्या दंडावर भर उन्हात काटा आला होता. अक्काने खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "गोदे, मायनं डबी कुठं ठिवली?"

मला वाटलं आबांसाठी हवी असेल. मी पिठाकडे बोट दाखवलं. पानाचं तबक तयारच होतं. मुलगी दाखवायची म्हणजे तिने पाहुण्यांना पान द्यायचं, तबक कसं धरते, कशी वाकते, हे बघायचं, असा आमच्याकडचा रिवाज. तबकात विड्याची पानं, कात, चुना, सुपारी, अडकित्ता. अक्काने डबीवरचं पीठ पदराने पुसलं आणि ती सुपारीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी, मधोमध ठेवली. मी तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला, डोक्यावरून नीट केला, आणि ढाळजेत जाऊन किसनरावांपुढे तबक ठेवून बसली.

मामाचं तोंड उघडंच राहिलं. आबांनी डबी पाहिली आणि त्यांची मान खाली गेली, इतकी खाली की फेट्याचा शेमला मांडीवर आला. आतलं मुसळ थांबलं. माय माझ्यामागे येऊन उभी होती आणि तिचा श्वास मला मानेवर लागत होता. शाळेतल्या मुली माना डुलवायच्या तेव्हा वाटायचं त्याच्या कितीतरी पट जास्त मला त्या वेळी वाटलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मी खरोखर म्हणाले.

मग किसनरावांचा हात पुढे आला. त्यांनी पानाला हात लावला नाही, सुपारीलाही नाही. त्यांनी डबी उचलली. टक्. आमच्या घरातला तो आवाज परक्या माणसाच्या हातून निघाला. त्यांनी नखाने औषध काढलं, दोन बोटांत सफाईने गोळी वळली, आणि तोंडात टाकण्याआधी डबी आबांपुढे सरकवली. "घ्या, पावणं," ते म्हणाले. "दोघं बी सकाळधरनं मरून राह्यलो."

आबांनी घेतली. अक्का उठून आत आली आणि काही झालंच नाही अशी दुधाचे दोन पेले भरून घेऊन गेली. मामा शपथा घेत होता, "मला काय ठावं? आईशपथ, मला काय ठावं?" पण त्याच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. थोड्या वेळाने दोघांचे चेहरे सैल झाले. दोघंही एका बोटाने नाक खाजवत हसू लागले. आबांनी बैलाची गोष्ट काढली. किसनराव म्हणाले, त्यांच्या आजोबानेही तो बैल पाहिला होता. दोघं एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. जाताना किसनरावांनी अक्काला एकच गोष्ट विचारली.

"पोरी, डबी तूच ठिवली?"

"व्हय."

"तुला कसं कळलं गं?"

"आमच्या घरी बी असंच होतं," अक्का म्हणाली.

"मंग आमच्या घरात तुला काय शिकवायलाच लागणार न्हाई," ते म्हणाले, आणि ढाळजेत मोठा हशा झाला. सुपारी तिथल्या तिथे फुटली. माय हसली नाही.

दमणी वेशीबाहेर गेली असेल नसेल, माय चुलीपुढून उठली. अक्का तबक राखेने घासत बसली होती. मायने तिच्या हातातून तबक काढून घेतलं.

"म्या भावाला सांगून सुपारी परत धाडते. तुला त्या घरात देत न्हाई. माझी जिंदगी गेली ह्याच्यात, तुझी बी घालू? तुला तर फटीतूनच दिसलं होतं. मंग गप का न्हाई बसली?"

"दिसलं म्हून तर ठिवली," अक्का म्हणाली.

"काहून?"

अक्काने तबक परत घेतलं आणि घासता घासता, मायकडे न बघता बोलली. "दोघं न्हाई म्हणून गेले. समज, तिसरं घर खरंच चांगलं निघालं. मी तिथं काय करू, माय? ज्या माणसाला तलफच न्हाई, त्याच्याजवळ कवा जावं अन् कवा जाऊ न्हाई, हे मला कसं कळावं? तो कवा गोड बोलंल ह्याचा अंदाजच न्हाई. आबांचं मला सगळं कळतं. मला येतं ते तेवढंच."

माय उभ्या जागी खाली बसली. आजवर तिला वाटत होतं की तिने आम्हाला या गोष्टीपासून आडोशाला ठेवलं. 'औषध' म्हटलं, पिठात पुरलं, शेजारणींना फसवलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या कौतुकात, अक्का याच एका घरासाठी तयार झाली होती. सुपारी परत गेली नाही. लग्न झालं.

अक्काचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण लांबवणं मला जमत नाही. सासऱ्यांची डबी तिच्या हाती आली, आणि काही वर्षांनी नवऱ्याचीही. ती दिवाळीला माहेरी यायची. दुपारपर्यंत हसायची, फराळाचं करायची. दिवस कलायला लागला की तिचं चित्त उडायचं, ती दोनदोनदा अंगणात जाऊन उन्हाकडे बघायची आणि म्हणायची, "तिथं आता औषध कोण दील गं?" वर्गात मी माहेराच्या ओढीचं उदाहरण द्यायची तेव्हा मला हटकून अक्काच आठवायची, आणि अक्काला माहेराची ओढ कधी नव्हतीच.

अक्का सासरी गेली त्या संध्याकाळची गोष्ट राहिली. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडलेले होते, शिळ्या बुंदीचा वास येत होता. आबा ढाळजेत बसले आणि खाकरले. माय चुलीपुढून म्हणाली, "मी न्हाई देणार." आबांनी माझ्याकडे बघितलं. मी डबी आणली. टक्. बोटाला तूप लावलं, अक्काला वळताना पाहिलं होतं तशी गोळी वळली, त्यांच्या तळहातावर ठेवली, दूध-गूळ दिलं, आणि समोर बसून वाट बघू लागले. अक्कासाठी रडू येत होतं. मग आबांचा चेहरा सैल झाला. ते म्हणाले, "गोदे, तुझ्या हाताला बी गुण हाये. बैलाची सांगू का?" मला इतका आनंद झाला की रडू कुठल्या कुठे गेलं. मी सरकून त्यांच्या मांडीला टेकले. आत माय चूल फुंकत होती, ती फुंकायची थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझे परकर-पोलके एका फडक्यात बांधले आणि मला मामाबरोबर जालन्याला, मस्तगडात राहणाऱ्या मावशीकडे, पाठवून दिलं. आबा रागावले, भांडी उडाली, पण ती मागे हटली नाही. तिथे मी शाळेत गेले, पुढे राज्य बदललं, आणि मी इंग्रजी शिकले. मावशीचे यजमान, काका, शांत माणूस. ते सकाळी जसे असायचे तसेच संध्याकाळी असायचे. मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, जेवण झाल्यावर, भर दुपारी, त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "गोष्ट सांगू का गं तुला?" मी लगेच हो म्हणाले नाही. मी आधी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, मग हातांकडे. गोळी झाली की व्हायची आहे, ते कशावरूनच कळेना, आणि मी लांबच भिंतीला पाठ लावून उभी राहिले.